आधी भिंत, मग टीव्ही

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती, आणि त्याच दिवसापासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तोवर ३२ इंच ही करखात्याने आखलेली लक्ष्मणरेषा होती. २०१९ च्या जानेवारीपासून तिच्या आतला संच १८ टक्क्यांत मोडत होता आणि पलीकडचा चैनीच्या रांगेत बसत होता. ही रेषा पुसल्यावर करासकट ५०,००० रुपयांना मिळणारा संच, कंपनीने सूट पूर्ण पोचवली तर, साधारण ४६,१०० रुपयांवर येतो. हे जे चारएक हजार वाचतात त्यांचे काय करायचे? दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधल्या कुठल्याही शोरूममध्ये याचे उत्तर गिऱ्हाईक आत येण्याआधीच ठरलेले असते: ४३ ऐवजी ५० घ्या, ५० ऐवजी ५५ घ्या. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. ते चार हजार पडद्यावर घालू नयेत, भिंतीवर घालावेत. टीव्हीची निवड ही एका वस्तूची निवड आहे असे आपण धरून चालतो आणि म्हणून ती दुकानात करतो. प्रत्यक्षात ती एका खोलीची मांडणी असते. बसणाऱ्याचे डोळे कुठे, उजेड कुठून, भिंत कसली आणि वीज कशी, या चार गोष्टी ठरल्या की संच बराचसा आपोआप ठरतो. त्या न ठरवता आणलेला महागडा संचही त्या खोलीत उपराच राहतो.

दिल्लीपुरते बोलायचे तर इथे टीव्ही आला तोच मुळी बैठकीची व्यवस्था बरोबर घेऊन. १५ सप्टेंबर १९५९ रोजी आकाशवाणी भवनातून युनेस्कोच्या मदतीने प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम असत आणि ते पाहण्यासाठी शहरात व आसपास वीसएक संच टेली-क्लबांमध्ये ठेवलेले होते. (दूरदर्शनच्या त्या बाल्यावस्थेत दिल्लीत काम करणाऱ्यांमध्ये आपले पु. ल. देशपांडे होते, हे दिल्लीकर मराठी माणूस अजूनही कुठल्याही निमित्ताने सांगतो.) २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषी दर्शन’ सुरू झाले तेही दिल्लीभोवतालच्या ऐंशी खेड्यांत सामुदायिक संच मांडून. कोण कुठे बसणार, किती जणांना दिसणार, हा विचार संचाच्या आधी होत होता, कारण पाहणारे पन्नास आणि संच एक. मग १९८२ च्या आशियाई खेळांनी रंग आणला आणि डीडीए फ्लॅटांच्या ड्रॉइंग रूममध्ये वेस्टन, अपट्रॉन, टेक्सला असे संच आले. पिक्चर ट्यूबचा तो ठोकळा भिंतीवर टांगणे शक्यच नव्हते. त्याला टेबल लागे किंवा चाकांची ट्रॉली. टेबलाची उंची दोन फूट, म्हणून पडद्याचा मध्य तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर. हे कोणी मोजून केलेले नव्हते, वजनाने ते करून घेतले होते. टीव्ही सपाट झाला आणि ही सक्ती संपली. फर्निचर असलेली वस्तू तसबीर झाली, आणि तसबीर आपण कुठे लावतो? उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर. आज दिल्ली परिसरातल्या बैठकांमध्ये टीव्ही जिथे टांगलेला दिसतो त्याचे मूळ इथे आहे.

उंचीकडे येण्यापूर्वी अंतराचा हिशेब करू, कारण इंच त्यावरच ठरतात. चित्रपट आणि दूरचित्रवाणी अभियंत्यांची एसएमपीटीई ही अमेरिकी संस्था सांगते की पडद्याच्या रुंदीने डोळ्यापाशी सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा. याचे व्यवहारी रूप सोपे आहे: डोळ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजायचे आणि १.६ ने भागायचे. आता दहा बाय चौदा फुटांची एक बैठक घ्या, जनकपुरीच्या फ्लॅटमधली म्हणा किंवा द्वारकेच्या सोसायटीतली. टीव्ही लांब भिंतीवर लावला तर समोरच्या सोफ्यावरचे डोके पाठीमागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे असते, म्हणजे अंतर आठ फूट, ९६ इंच. उत्तर ६० इंच, म्हणजे बाजारातला ५५ चा संच ठीक बसतो. तोच टीव्ही आखूड भिंतीवर नेला तर अंतर बारा फूट होते आणि उत्तर थेट ९० इंचांवर जाते. खोली आणि माणसे तीच, पण भिंत बदलली आणि तीस इंचांचा फरक पडला. बारा फुटांवरून ५५ इंच पाहणारा माणूस वर्षभरात ‘छोटाच घेतला’ म्हणून हळहळतो आणि पुढचा संच घेताना पुन्हा दुकानात जाऊन इंच वाढवतो. सोफा फिरवून हे काम फुकटात झाले असते, पण ते दुकानदाराने का सांगावे?

अंतराचा दुसरा हिशेब आणखी अडचणीचा आहे. निरोगी डोळा एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा असतो, आणि सव्वासात फुटांच्या पलीकडून तो वेगळा दिसत नाही. फोर-के पडद्यावर ठिपका त्याच्या निम्मा, म्हणून त्याचा तपशील पूर्ण वसूल करायचा तर साडेतीन फुटांवर जाऊन बसावे लागेल. आठ फुटांवर बसणाऱ्याला फोर-केने दिलेली जास्तीची बारकाई जवळजवळ दिसतच नाही, एट-केची तर गोष्टच सोडा. ५५ इंचांत साधा फुल एचडी संच आता जवळजवळ मिळत नसल्याने फोर-के घरी येतोच, त्याला हरकत नाही. मात्र त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, एवढाच मुद्दा. इथे कोणी म्हणेल की मोठा पडदा स्वस्त होत असताना लहानाचा आग्रह कशाला? आग्रह लहानाचा नाही. तीस अंशांच्या हिशेबाने आपल्याकडचे बरेच पडदे लहानच निघतात. पण तो हिशेब चित्रपट पाहण्याचा आहे, आणि पडद्यावर येणारे चित्र कुठून येते हे तो विचारत नाही. डीडी फ्री डिशवरच्या आणि केबलवरच्या असंख्य वाहिन्या अजून ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या आहेत. हे चित्र ६५ इंचांवर ताणले की निवेदकाच्या चेहऱ्यावर जणू ओला हात फिरवल्यासारखे दिसते. ज्या घरात रात्री फोर-के मालिका पाहिली जाते त्या घराने अंतर परवानगी देईल तेवढा मोठा संच घ्यावा. ज्या घरात दिवसभर केबल चालते त्याने एक माप खाली यावे.

पडद्याच्या जातीबद्दल दुकानात जी आद्याक्षरे ऐकू येतात त्यांतली बरीचशी एकाच कुळातली आहेत. क्यूएलईडी, क्यूएनईडी ही सगळी मागून एलईडीचा उजेड पाडलेली एलसीडीच, वर रंग सुधारणारा एखादा थर. ओएलईडी मात्र खरोखर निराळा, त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून त्याचा काळा रंग खरा काळा असतो. तरीही निवड पुन्हा खोलीकडेच येते. एलसीडीत व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीएचा काळा गडद असतो, पण बाजूने पाहिले की रंग उतरतात. आयपीएसचा काळा करडा दिसतो, पण बाजूने चित्र टिकते. बैठकीत फक्त समोर सोफा असेल तर व्हीए चांगला. मराठी घरात मात्र समोर सोफा, काटकोनात दिवाण, आणि क्रिकेटचा सामना असला की खाली सतरंजीवर मुले, अशी बैठक असते. दिवाणावरच्या आजीला आयपीएस हवा. ओएलईडी बाजूनेही उत्तम दिसतो, पण एकच आकृती तासन् तास स्थिर राहिली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. हिंदी वृत्तवाहिन्यांपैकी अनेकींची कचेरी नोएडाच्या सेक्टर १६-अ मधल्या फिल्म सिटीत आहे, आणि तिथून निघणारी लाल पट्टी राजधानीतल्या निवृत्तांच्या घरांत सकाळपासून झोपेपर्यंत हलत नाही. अशा घरात ओएलईडी नेणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे. उजेडाचेही तसेच. बाल्कनीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावलेला पडदा मे महिन्यात दुपारी आरसा होतो. खिडकीला काटकोनात असलेली भिंत मिळाली तर साध्या ब्राइटनेसचा संचही पुरतो. ती मिळत नसेल तर जास्त उजळ पडद्यासाठी पैसे टाकण्यात अर्थ आहे. शोरूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे सगळे संच भडक मोडवर, पांढऱ्या ट्यूबखाली, सोनेरी मासे आणि आइसलँडचे धबधबे दाखवत असतात.

ब्रँडचे काय, असे कोणीही विचारेल, आणि विचारावेही. एलजीचे कारखाने ग्रेटर नोएडा आणि पुण्याजवळच्या रांजणगावात आहेत. कोडॅक आणि थॉमसन ही परदेशी नावे परवान्यावर घेऊन संच बनवणारी सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी नोएडाची. पण टीव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा ज्या ‘ओपन सेल’ काचेचा असतो, ती बहुतेकांकडे बाहेरून येते, मुख्यतः चीनमधून. त्यामुळे एकाच मापाच्या आणि जवळपासच्या किमतीच्या दोन संचांतला फरक काचेपेक्षा बॅकलाइट, चित्र घडवणारी चिप, सॉफ्टवेअर आणि नंतरची सेवा यांत असतो. यांपैकी सॉफ्टवेअर सर्वांत आधी म्हातारे होते. काच दहा वर्षे टिकते, पण चार-पाच वर्षांत अॅप अडखळू लागतात आणि माणूस धडधाकट टीव्ही बदलायला निघतो. त्याला काही हजारांची एक स्टिक जोडली तरी काम भागते. सेवेसाठी मात्र नावाला किंमत आहे: आपल्या पिनकोडवर माणूस येतो का, आणि काच फुटल्यास ती मिळते का, एवढे विचारून घ्यावे.

आता उंची. सोफ्यावर बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर असतात. ५५ इंची पडदा सुमारे ६८ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याची खालची कड ७० सेंटिमीटरवर आली की मध्य डोळ्यांसमोर येतो. राजधानी परिसरातल्या नव्या टॉवरांत बिल्डरने दिलेला टीव्ही पॉइंट मात्र बहुधा साडेचार-पाच फुटांवर असतो, आणि कंपनीचा माणूस पॉइंट झाकला जाईल अशा बेताने ब्रॅकेट ठोकतो. मध्य पाच फुटांवर गेला की आठ फुटांवरून मान सरासरी ११ अंश वर उचलावी लागते, आणि पडद्याची वरची कड १८ अंशांवर जाते. डोळ्यांना आरामाची नजर सरळ किंवा किंचित खाली असते. दोन तासांच्या चित्रपटानंतर मान का आखडली याचा शोध मग उशीत घेतला जातो. जमिनीवर बसणाऱ्या मुलांचे डोळे तर त्याहूनही बरेच खाली असतात, त्यांच्यासाठी हा पडदा जवळपास छतालाच. उपाय दोन हजारांच्या आतला आहे: ताबा मिळताना किंवा रंगकामाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट साडेतीन फुटांवर उतरवून घ्यायचा, आणि फुकट मिळणाऱ्या स्थिर ब्रॅकेटऐवजी पुढे ओढता येणारे, वळणारे ब्रॅकेट घ्यायचे. वळणाऱ्या ब्रॅकेटने दिवाणाचा प्रश्नही थोडा सुटतो, शिवाय मागच्या एचडीएमआयच्या खाचांत हात जातो.

यावर घरोघरी एक आक्षेप ठरलेला आहे: खाली लावला तर मुले हात लावतील, चेंडू लागेल. चेंडू पाच फुटांवरही लागतो, दिल्लीच्या गल्ल्यांत क्रिकेट शिकलेल्या पोरांना उंचीचे काय! खरा धोका संच अंगावर पडण्याचा, आणि तो टेबलावर मोकळ्या ठेवलेल्या टीव्हीला असतो, भिंतीत घट्ट बसवलेल्याला नाही. दुसरा आक्षेप सजावटकारांचा. कीर्ती नगरच्या बाजारातून किंवा तिथल्या कारागिरांकडून आठ-दहा फुटी टीव्ही युनिट बनवून घेण्याची पद्धत आहे. मागे उभ्या पट्ट्यांचे पॅनेल, खाली तरंगते कपाट, बाजूला दिव्यांची ओळ. ते सुंदर दिसते यात शंका नाही. पण ते आधी बनते आणि टीव्ही नंतर येतो, म्हणून टीव्हीची जागा पाहणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी कपाटाच्या मापावर ठरते. पॅनेलचे लाकूड पंधरा वर्षे टिकेल, संच सात-आठ. पुढचा संच दुसऱ्या मापाचा आला की लाखाचे युनिट अडते. करायचेच असेल तर क्रम उलटा करावा आणि पॅनेलमागे रिकामी पाइप टाकून ठेवावी, नवी वायर ओढायला.

भिंतीच्या जातीकडे तर कोणी पाहतच नाही. जुन्या बिल्डर फ्लोअरची आतली भिंत साडेचार इंची विटेची असते. त्यात खिळा विटेत बसतो की सांध्यातल्या चुन्या-सिमेंटात, यावर पकड अवलंबून. नव्या टॉवरांत कुठे एएसी ब्लॉक असतात, हलके आणि भुसभुशीत, त्यांना लांब आणि त्याच कामाचे अँकर लागतात. साधी प्लास्टिकची गिट्टी काही महिन्यांत सैल होते. कुठे मिवान पद्धतीची सलग काँक्रीटची भिंत असते, तिथे साधे ड्रिल नुसते तापते, हॅमर ड्रिलच हवे. ५५ इंची संचाचे वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे फार नाही, पण पुढे ओढलेल्या ब्रॅकेटवर तेच वजन भिंतीला कित्येक पटींनी ओढते. आणि बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, वायरची पाइप बहुतेक तिथूनच जाते. बसवणारा माणूस वीस मिनिटांचा वेळ घेऊन आलेला असतो आणि पुढचा कॉल त्याची वाट पाहत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भिंत कसली आहे आणि मध्य कुठे हवा, हे पेन्सिलने आखून ठेवणे घरच्यांचे काम आहे.

विजेबाबत दुकानात स्टॅबिलायझर गळ्यात मारला जातो. आजच्या बहुतेक संचांच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे कमी-जास्त दाब ते स्वतःच सांभाळतात. भीती आहे ती क्षणिक उसळीची: वीज जाते, सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, पुन्हा वीज येते. उन्हाळ्यात नोएडा-गाझियाबादच्या टॉवरांत हे दिवसातून कितीदा तरी घडते. तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि खरोखर जोडलेले अर्थिंग हवे. सॉकेट तीन पिनांचे आहे म्हणून अर्थिंग असतेच असे नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

वाचलेले चार हजार सर्वांत जास्त कारणी लागतात ते आवाजात. पडदे पातळ झाले तसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले. इकडच्या घरांत जमिनीला संगमरवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल, भिंती गुळगुळीत, छत काँक्रीटचे. हिवाळ्यात गालिचा अंथरला जातो तेवढ्यापुरता आवाज सुधारतो. एरवी संवाद भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळतात, वडीलधारे आवाज वाढवतात, आणि वाढवलेला आवाज आणखी आपटतो. एक साधा साउंडबार, एक जाड पडदा आणि सतरंजी यांनी ऐकण्यात जो फरक पडतो तो पाच इंच वाढवून पाहण्यात पडत नाही.

मराठी घराला एक अडचण जास्तीची आहे. दिल्लीच्या केबलवाल्याच्या पॅकेजमध्ये मराठी वाहिन्या गृहीत नसतात. २०१९ पासून ट्रायच्या नियमांनुसार वाहिनी सुटी निवडता येते, त्यामुळे ‘झी मराठी’ किंवा ‘स्टार प्रवाह’ मागून घेता येतात, मागावे मात्र लागते. ‘सह्याद्री’ फुकट हवी तर फ्री डिश आहे, पण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने दिल्लीत छत्रीचे तोंड आग्नेयेकडे लागते. उत्तराभिमुख बाल्कनीत ती निरुपयोगी, आणि अनेक सोसायट्या गच्चीवर किंवा दर्शनी भागावर छत्री लावू देत नाहीत. मग राहते इंटरनेट, आणि त्यासाठी टीव्हीमागे लॅनची वायर आणणे, हेही पुन्हा भिंतीचेच काम.

राहता राहिले भाडेकरू, आणि नोएडा-गुरुग्रामच्या आयटी कंपन्यांत आलेल्या मराठी तरुण जोडप्यांत तेच जास्त. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, म्हणून त्यांचा टीव्ही पायांवर उभा राहतो, आणि नाइलाजाने त्यांचीच उंची बरोबर येते. ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ५५ इंची संचाचा मध्य ९० सेंटिमीटरच्या आसपास बसतो, डोळ्यांच्या किंचित खाली. त्यांनी एवढेच पाहावे की बहुतेक संचांचे पाय आता दोन टोकांना असतात, म्हणून टेबल चार फूट तरी रुंद हवे. घरात लहान मूल असेल तर मागच्या ब्रॅकेटच्या भोकांतून पट्टा ओवून तो टेबलाला आवळावा. आणि संचाचा खोका फेकू नये. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर घर बदलावे लागले तर काच त्या खोक्यातून, उभीच न्यायची असते. टेंपोवाला ती आडवी टाकू पाहतो.